दुधाचा दात, धाबं आणि मामा

पांझरेकाठी
काल रात्री चिऊचा पहिला दात पडला. आठ दिवस हलत होता. जिभेनं ढकलून ढकलून पोरीनं त्याला पार आडवा केला होता. काल वरण-बट्टी होती, आणि दात बट्टीतच रुतून राहिला. मी तिची बट्टी कुस्करत होते म्हणून हाताला लागला, नाहीतर तुपाबरोबर पोटात गेला असता. खालचा, मधला. तांदळाच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा.

माझं आजोळ साक्री तालुक्यातलं. तिथं दात पडला की आजी गोठ्यातून बोराएवढं शेण आणायची, त्यात दात दाबायची आणि गोळी आमच्या हातात द्यायची. अंगणात उभं राहून ती धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छपरावर, भिरकवायची आणि ओरडायचं,
"उंदरा उंदरा, मना दात लई जाय, तुना दात माले दी जाय!"
मग मागं वळून न बघता घरात पळायचं. वळून बघितलं तर काय होतं ते आजीनं कधी सांगितलं नाही, आम्हीही कधी वळलो नाही.

आता आम्ही धुळ्यात, देवपुरात, तिसऱ्या मजल्यावर. गच्चीला कुलूप, किल्ली अध्यक्षांकडे. आई म्हणते तुळशीत पुर. सासूबाई गावी असतात, त्यांचा फोनवर हुकूम आला, "फेकू नको व, आखाजीले लई ये," म्हणजे अक्षय्य तृतीयेला घेऊन ये. आणि चिऊच्या वर्गातल्या एकीच्या उशीखाली कुणी परी दहाची नोट ठेवून गेली म्हणे, त्यामुळे आमच्या बाईंचं लक्ष उशीकडे. तूर्तास दात हिंगाच्या रिकाम्या डबीत आहे.

तुमच्याकडे काय करतात? खानदेशातल्यांनी आधी लिहा, बाकीच्यांचंही चालेल.

तापीपल्याड
आम्ही रावेरकडचे. आमच्याकडे "उंदीरमामा, माहा दात घे, तुहा दात मले दे" असं. उंदराला मामा म्हणायचं, कारण मामाकडे हट्ट चालतो!

आता पुण्याची गोष्ट ऐका. मुलाचा दात पडला तेव्हा शेण कुठून आणणार? बायकोनं कणकेच्या गोळीत घातला. चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून वर फेकायला गेलो, तो समोरच्या इमारतीच्या एसीच्या खोक्यावर जाऊन बसला. दोन मिनिटांत कबुतर आलं आणि गोळी घेऊन उडालं. मुलगा रडायला लागला, "आता मला कबुतराचा दात येणार!" कबुतराला दातच नसतात हे त्याला सांगायची चूक मी केली. मग तर रात्रभर.

बोरीकाठचे_नाना
वाचून बरं वाटलं. मी अमळनेरचा, वय ७१. धाब्यावर दात फेकायला जे कारण होतं ते आता कुणाला माहीत नसेल म्हणून लिहितो.

कोकणात कौलं, देशावर पत्रे आणि माळवदं, आमच्याकडे धाबं. आडव्या लाकडी सऱ्या, त्यांवर किलच्या, त्यांवर पालापाचोळा आणि वर मातीचा जाड थर. मृगाच्या आधी दर वर्षी वर पांढरी माती टाकायची, नाहीतर श्रावणात घरभर भांडी मांडून बसा. आणि या किलच्यांत, मातीच्या पोकळीत उंदीर. रात्री डोक्यावर त्यांची पळापळ चालायची, तोंडावर माती गळायची. म्हणजे आम्ही दात हवेत फेकत नव्हतो, पत्ता घालून पाठवत होतो. तुमच्या स्लॅबवर उंदीर कशाला येईल?

उंदराला का द्यायचा, तर त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात. कुरतडून झिजवले नाहीत तर त्यालाच जड होतात. आमच्या म्हातारीला हे कुठल्या पुस्तकातून कळलं नव्हतं, पण धान्याचं पोतं फोडणारा कोण हे तिला ठाऊक होतं. तसे दात नातवाला मिळावेत, आणखी काय.

माझा दुसरा दात मी फेकला तो थेट सान्यातून आत पडला. सानं म्हणजे उजेड-धूर यासाठी धाब्याला ठेवलेलं भोक. खाली आजोबा जेवत होते. शेणाची गोळी दादरच्या, म्हणजे ज्वारीच्या, भाकरीवर. आजोबांनी ताट सरकवलं, गोळी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "उंदीर घर मा नही. परत फेकी दे." दुसरं काही बोलले नाहीत. ती भाकरी त्यांनी नंतर म्हशीला घातली.

पांझरेकाठी
नाना, "उंदीर घर मा नही" 😂 हे मी सासूबाईंना ऐकवणार.

दाढदुखी
व्यवसायानं दातांचा डॉक्टर, जळगावात. दोन-तीन गोष्टी लिहून जातो.

दात बघून आया घाबरतात की मूळ आत तुटून राहिलं. राहिलेलं नसतं. खालून पक्का दात वर येताना दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळवत आणतो, म्हणून हातात येतं ते नुसतं टोपण, आतून पोकळ. पडल्यावर थोडं रक्त येतं, कापसाची घडी चावायला द्या, थांबतं.

आता खरं काम. सहाव्या वर्षाच्या आसपास, सगळ्या दुधाच्या दाढांच्या मागं, एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच लागत नाही. लोक तिला दुधाचीच समजतात, किडली तरी "पडणारच आहे" म्हणून सोडतात. ती पडणार नसते. ती जन्माची. चिऊच्या तोंडात आज बॅटरी लावून मागं बघा.

आणि "दुधाचेच आहेत, भरायचे कशाला?" हेही रोज ऐकतो. दुधाचे पुढचे दात सहा-सात-आठला पडतात, पण दाढा दहा-बारापर्यंत लागतात. त्या लवकर गेल्या की शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि पक्क्याला वाट उरत नाही.

नंदुरबारची_फुई
आमच्याकडे दात पडला की पहिली ताकीद, "जीभ नको लावू, दात वाकडा येई." दिवसभर पोरं तोंड मिटून बसायची आणि जीभ नेमकी तिथंच. डॉक्टर, खरंच वाकडा येतो का?

दाढदुखी
फुई, चार वेळा जीभ लागून काही होत नाही. सतत जिभेनं दात पुढं ढकलायची सवय असेल, किंवा चार-पाच वर्षांनंतरही अंगठा चोखणं चालू असेल तर फरक पडतो. नवा दात वाकडा दिसतो त्याचं कारण बहुतेक वेळा जागा. मोठ्या माणसाचा दात लहान मुलाच्या जबड्यात बसायला आलेला असतो. कडेला करवतीसारखे दातेही असतात, ते चावून झिजतात. वरच्या पुढच्या दोघांत फट दिसली तरी लगेच तारा लावायला धावू नका, सुळे उतरले की बरेचदा आपोआप मिटते.

खालच्या दातामागं दुसरी रांग दिसली तर मात्र दाखवून घ्या. बहुतेकदा दुधाचा हलून पडतो आणि मागचा पुढं सरकतो. घट्ट बसला असेल तर काढावा लागतो.

नवी_आई_जळगाव
मला या धाग्यावर विचारावं की नाही कळत नव्हतं. माझं बाळ आठ महिन्यांचं. परवा वाटीनं पाणी पाजताना टक् वाजलं. बघितलं तर वरचे दोन. खाली काहीच नाही. सासूबाईंचा चेहरा उतरला. शेजारच्या काकू आल्या, त्यांनी तर तोंडावर सांगितलं, "मामाले भारी शे," म्हणजे वरचे दात आधी आले की मामावर संकट. मला एकच भाऊ, सुरतला असतो, गाडीवर फिरतीचं काम. आईला अजून सांगितलेलं नाही. हसू नका, पण रात्री झोप लागत नाही.

मामा_चाळीसगाववाले
ताई, हसत नाही. पण पाच भाच्यांचा मामा या नात्यानं थोडी अधिकारवाणीनं लिहितो. त्यातल्या दोघांना वरचे आधी आले. पहिल्या वेळी आईनं मला चांदीची वाटी आणायला लावली, दुसऱ्या वेळी मीच विचारलं, "वाटी की पैंजण?" उष्टावणाला मामा, वरच्या दाताला मामा, बोरन्हाणाला खेळणं आणायला मामा, लग्नात अंतरपाटामागं मामा. भारी आहे ते खिशाला. एरवी ठणठणीत आहे, वजन ८४.

गिरणाकाठची
मामा, तुमचं वाचून हसले. तरी एक लिहिते, कारण नवी_आई माझ्या जागी आहे.

माझ्या मोठ्या मुलाला वरचे दोन आधी आले. मला कुणी काही बोललं नाही, माझ्या आईनं गुपचूप भावाकडून वाटी आणून घेतली, बाळाला त्यातून दूध पाजलं, झालं. दोन महिन्यांनी भावाचा ट्रॅक्टर शेतरस्त्यावर उलटला. उजवा पाय तीन ठिकाणी मोडला. बांध पावसानं खचला होता, भाऊ रात्रीचा पाणी धरून येत होता, दोन रात्रींची झोप नव्हती. हे सगळ्यांना माहीत होतं. तरी वहिनी दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्याकडे बघून म्हणाली, "तुन्हा पोऱ्यानं दात दाखाडा."

मी बाळाला घेऊन आत गेलेच नाही. बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिले. संध्याकाळी भावानं निरोप पाठवला, पोराला आण. नेलं. त्यानं त्याला छातीवर बसवून घेतलं. बाळ पुढं सरकलं आणि भावाच्या प्लॅस्टरची कड त्या दोन दातांनी करकरा चावायला लागलं. पांढरा भुगा ओठांवर. भाऊ इतका हसला की नर्स ओरडली.

पाय आता बरा, थोडा ओढतो. मुलगा चौदाचा आहे, सुट्टी लागली की मामाकडे पळतो. वहिनी माझ्याशी बोलते, पण माझ्या धाकट्या मुलीच्या वेळी ती स्वतः येऊन दर दोन दिवसांनी बाळाचं तोंड उघडून बघायची. खालचे आले तेव्हा पेढे तिनं वाटले. मी ते पेढे खाल्ले नाहीत.

नवी_आई, आईला सांग, भावाला सांग, आणि शेजारच्या काकूंना चहा देऊ नकोस.

दाढदुखी
नवी_आई, वैद्यकीय बाजू एका ओळीत सांगतो. बहुतेक बाळांना खालचे मधले दोन आधी येतात, साधारण सहा ते दहा महिन्यांत. काहींना वरचे येतात, कुणाला सहाव्या महिन्यात तर कुणाला वर्षाला. आजाराची खूण नाही, कसलीच खूण नाही. दुधाचे एकूण २० दात अडीच-तीन वर्षांपर्यंत भरतात. आजपासून मऊ ओल्या फडक्यानं ते दोन दात पुसायला लागा, आणि दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. काळजी करायचीच तर त्याची करा.

जुनीपोथी
ही भीती किती जुनी आहे ते सांगतो. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात १४० वं सूक्त नेमकं याच दातांवर आहे. वरून खाली उतरलेले दोन दात, जणू दोन वाघ, आई-बापाला खायला निघालेत. त्यांना विनवलंय की बाबांनो, तांदूळ खा, जव खा, उडीद खा, तीळ खा, तुमचा वाटा तो. आई-बापाला इजा करू नका. काय सुंदर तोड काढली आहे बघा! बाळ आता अन्न खायला लागणार, तर त्या दातांना अन्नाकडे वळवायचं.

लक्षात घ्या, तिथं भीती आई-बापाला आहे. मामाचं नाव नाही. ते नंतर केव्हातरी मामाच्या गळ्यात पडलं.

दाताला संस्कृतात द्विज म्हणतात, दोनदा जन्मलेला. पक्षीही द्विज, आधी अंडं मग पिल्लू. आपले ३२ पैकी २० च दोनदा जन्मतात, दाढांचं बारांचं टोळकं एकदाच येतं. डॉक्टरांची ती सहा वर्षांची दाढ याच टोळक्यातली.

मामा_चाळीसगाववाले
म्हणजे आई-बापानं हळूच मामाच्या नावावर खातं फिरवलं. सासर-माहेरचा जुना हिशोब.

नंदुरबारची_फुई
फिरवणारच की. घरात सगळे सासरचे. आरोप करायला बाहेरचाच माणूस लागतो, आणि तो जन्मभर सुनेच्याच बाजूचा असतो. मी आत्या असून सांगते, आत्याला भारी असं कधी ऐकलंय का कुणी?

पांझरेकाठी
फुई 🙏 हे मी दोनदा वाचलं.

विवेकाची_बाजू
२१ व्या शतकात शेणात दात घालून फेकण्यावर इतकी चर्चा! महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. मुलांना असल्या गोष्टी शिकवू नयेत. शेणात धनुर्वाताचे जंतू असतात, हे तरी लक्षात घ्या.

बोरीकाठचे_नाना
साहेब, शेणाचं मान्य. हात धुवायला लावतो. पण दात भिरकावला म्हणून कायदा लागणार असेल तर अख्खं अमळनेर आत जाईल. पोराला दात पडण्याची भीती वाटते, तोंडातून रक्त येतं, आपलाच एक तुकडा हातात येतो. त्याला पळायला, ओरडायला एक खेळ दिला तर बिघडलं काय?

पांझरेकाठी
मला वाटतं विवेकाची_बाजू यांचा रोख चुकीच्या ठिकाणी आहे. धाब्यावरच्या उंदरानं कुणाचं वाईट केलं नाही. गिरणाकाठचीच्या वहिनीचं ते व्हरांड्यातलं वाक्य, ते वाईट. दोन्ही एकाच पोत्यात घालू नका.

विवेकाची_बाजू
ठीक. मामाच्या मुद्द्यावर आपण एकाच बाजूला आहोत. शेणाचं माझं मत तेच.

आजीचा_बटवा
दात येताना बाळाला जुलाब, ताप, चिडचिड होतेच. आमच्याकडे टाकणखाराची लाही करून मधात कालवून हिरड्यांवर चोळायचे. दात सुरसुर येतात. नवी_आईनं करून पाहावं.

दाढदुखी
नका करू. कृपया नका करू. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. बाळाच्या पोटात जायची ती वस्तूच नाही. आणि एक वर्षाच्या आत मधही नाही, त्यात असू शकणाऱ्या जंतूंनी एवढ्या लहान बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. हिरड्या बधिर करायची मलमंही दोन वर्षांच्या आत लावू नका.

हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, बाळ किरकिरतं, अंग किंचित कोमट लागतं, हे खरं. पण पातळ जुलाब आणि चांगला ताप दातानं येत नाही. सहा महिन्यांनंतर आईकडून मिळालेलं संरक्षण ओसरायला लागतं आणि नेमकं तेव्हाच बाळ जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं. "दात येतायत" म्हणून जुलाब चालू ठेवलेली, डोळे खोल गेलेली बाळं बालरोगतज्ज्ञांकडे उशिरा पोचतात. जलसंजीवनी द्या, अंगावरचं दूध चालू ठेवा, दाखवा.

चावायला स्वच्छ, ओला करून गार केलेला रुमाल. खारीक चोखायला देतात, पण तुकडा घशात अडकू शकतो, हातात धरून बसा किंवा देऊच नका.

आजीचा_बटवा
आम्ही चार भावंडं त्याच्यावरच वाढलो. पण मधाचं ऐकलं होतं. बरं. टाकणखाराचं आईला विचारते, तिनं नातवंडांना दिलं का ते.

सातपुडा
शिरपूरच्या वरच्या अंगाला शाळेत शिकवतो, पहिली-दुसरी. हा धागा माझाच म्हणायला हवा. जूनमध्ये वर्गात सगळे दात असतात, मार्चमध्ये अर्धी पोरं बोबडी. "सात" म्हणायला लावलं की अर्धा वर्ग "थात".

शाळेत दात पडला की पोरं मला आणून देतात. मी खडूच्या रिकाम्या खोक्यात कागदाच्या पुड्या करून ठेवतो, वर नाव. पूर्वी नाव लिहीत नव्हतो. एकदा दोन पोरांचे दात एकाच दिवशी पडले आणि मधल्या सुट्टीत भांडण, हा माझा, तो तुझा. दोघांनी तोंड उघडून खाचेत दात बसवून बघितला, एकाचा दुसऱ्याच्या खाचेत बरोबर बसला! मग कोण ऐकतो? शेवटी चिठ्ठ्या टाकल्या.

घरी काय करतात विचारलं तर कुणी छपरावर, कुणी झाडाच्या मुळाशी, कुणी नदीत. एक पोरगी म्हणाली, "आमी काय नाय करत. पडतो." खोक्यात तिच्या नावाच्या तीन पुड्या आहेत, न्यायला आली नाही.

तापीपल्याड
रात्री दात खाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही? आमच्याकडे पोरगं कराकरा दात खायला लागलं की जंताचं औषध ठरलेलं.

दाढदुखी
जंत आणि दात खाणं यांचा तसा पक्का संबंध नाही. लहान मुलं झोपेत दात घासतात आणि बहुतेकांचं वय वाढलं की जातं. जंताचं औषध शाळेत, अंगणवाडीत देतात ते जरूर घ्यावं, त्याचं कारण वेगळं.

आता आठवडाभर रजा. लग्नसराई आहे, लोक दात चमकवायला येतायत.

पांझरेकाठी
आखाजी करून आलो. काय झालं ते सांगते, मग धागा वर आणल्याबद्दल शिव्या द्या.

हिंगाची डबी घेऊन गेलो. सासूबाईंनी डबी उघडली, वास घेतला, म्हणाल्या, "उंदीर पयीच जाई." दात धुऊन उन्हात ठेवला. दुपारी शेण आलं, गोळी झाली, सगळे अंगणात. आणि तेव्हा लक्षात आलं की आमच्या घराला धाबं कुठंय? चार वर्षांपूर्वी स्लॅब टाकला. सासूबाई स्वतःच्याच घराकडे वर बघत उभ्या, "आते धाबं कोठे ऱ्हायनं व माय!"

गोठ्याच्या पत्र्यावर फेकून बघितलं. टण्ण वाजून गोळी घरंगळत परत चिऊच्या पायाशी. तीनदा. पोरगी म्हणाली, "उंदीर नको म्हणतोय."

गल्लीत एकच धाबं उरलंय, चुलतसासऱ्यांचं. त्यांच्याशी भिंतीवरून चार वर्षं बोलणं नाही, आमचा स्लॅब त्यांच्या हद्दीत वीतभर गेला म्हणून. सासूबाईंनी काही सांगितलं नाही. रात्री जेवणं झाल्यावर चिऊचं बोट धरलं, मी मागं. अंधारात त्यांच्या भिंतीशी उभं राहून चिऊनं फेकला. मात्र गाणं हळू म्हणायचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. "उंदराऽऽ उंदराऽऽ" अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

आतून चुलतसासूबाईंचा आवाज, "काय फेकं व?"
सासूबाई, "नातना दात."
आत थोडा वेळ काहीच नाही. मग, "उंदीर बी आम्हनाच का मंग?"

सकाळी कळलं की धाब्यावर त्यांचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत होते. शेणाची गोळी एका बिबड्याला चिकटून वाळली होती, दातासकट. त्यांच्या सुनेनं तो बिबडा तसाच ताटलीत घालून आमच्या ओट्यावर आणून ठेवला आणि न बोलता गेली. सासूबाई अर्धा तास त्या ताटलीकडे बघत बसल्या. मग ताटली घासून, त्यात सांजोऱ्या घालून चिऊच्या हाती परत पाठवली. रिकामी पाठवायची नसते म्हणून, एरवी त्यांनी पाठवली नसती, हेही त्यांनी मला बजावून सांगितलं.

बिबडा कुठं गेला विचारू नका. दात आता गोठ्यातल्या कोनाड्यात आहे.

नवी_आई, तुझं काय झालं?

नवी_आई_जळगाव
भावाला सांगितलं. तो म्हणाला, "मग मी दात बघायला येतो." रविवारी आला, बोट घातलं, चावून घेतलं. वाटी आणली नाही, रबराचं बदक आणलं. आईनं मात्र गुपचूप वाटीचे पैसे त्याच्या खिशात टाकले आणि परत माझ्या हातात द्यायला लावले. सासूबाईंनी ते पैसे बघितले, बोलल्या नाहीत. खालचे अजून आले नाहीत.

गिरणाकाठची
येतील.

पांझरेकाठी
चिऊचा खालचा दुसराही हलायला लागलाय. गावाहून फोन आला होता. चुलतसासूबाईंचा निरोप आहे, पुढचा फेकायच्या आधी सांगा, बिबडे काढून घेतो.